विचार बदलायचा की तपासायचा?

कंपन्यांच्या कार्यशाळांत, स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत आणि सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सुविचारांत हल्ली एक वाक्य फार स्वस्त झाले आहे : परिस्थिती तुम्हाला त्रास देत नाही, तुमचे विचार त्रास देतात. वाक्याला वजन यावे म्हणून पाठोपाठ ‘सीबीटी’चा, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचाराचा, हवाला येतो. पगार थकलेल्या माणसाला किंवा दोघांचे काम एकटीने ओढणाऱ्या बाईला हे ऐकवले की वरिष्ठांची जबाबदारी संपते आणि दोष ज्याच्या त्याच्या डोक्यात जाऊन बसतो. याला बोधात्मक उपचारपद्धतीचा अपभ्रंश म्हणणेही सौम्य ठरेल. विचार खरा आहे का, या प्रश्नावर ती पद्धत उभी आहे आणि इथे नेमका तोच प्रश्न विचारायला बंदी असते.

वर्तनवादी स्किनरचा दबदबा, १९५६ ची एमआयटीतली परिषद, मानसशास्त्रज्ञ मिलर, भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५९ मध्ये घेतलेला स्किनरचा समाचार, ही मानसशास्त्रातल्या बोधात्मक क्रांतीची कथा अनेकांनी वाचली असेल. तिच्या शेपटाला उपचारपद्धती जोडून देण्याची सवय मात्र सोडायला हवी. या पद्धतीचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक हे दोघेही मनोविश्लेषणाच्या घरातून बाहेर पडलेले. मनाला संगणक मानणाऱ्या त्या क्रांतीच्या उपमेशी त्यांच्या सुरुवातीचा फारसा संबंध नाही. मराठी वाचकाला आधी भेटला तो एलिस. कि. मो. फडके आणि आनंद नाडकर्णी यांच्यामुळे त्याची विवेकनिष्ठ पद्धत इथे रुजली. तिच्या मुळाशी स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा विचार आहे, म्हणून वरचे सुविचारी वाक्य तिच्यातूनच आले असे वाटू शकते. पण एलिसने सकारात्मक विचारांच्या पुरस्कर्त्यांची कधी गय केली नाही. ‘सगळे छान होईल’ असे तो कुणाला सांगत नसे. वाईट झाले तरी तेवढ्याने जग बुडत नाही, एवढाच त्याचा दावा. ‘मला यश मिळालेच पाहिजे’ यातल्या ‘च’वर त्याचा राग होता.

खरे वळण आहे ते बेकचे, आणि तेच सर्रास चुकीचे वाचले जाते. १९५० च्या दशकात फिलाडेल्फियात बेक निघाला होता तो फ्रॉइडला प्रयोगाने सिद्ध करायला. नैराश्य म्हणजे स्वतःकडे वळलेला राग, हे खरे असेल तर रुग्णांच्या स्वप्नांत वैर दिसायला हवे. स्वप्ने तपासली तर त्यांत आढळली हार, नकार, काहीतरी हरवणे. सिद्धान्त वाचवायला बेकने आधी पळवाट शोधली : या माणसांना दुःखच हवे असते, वैर त्या रूपात दिसते. मग त्याने तीही तपासली. दुःख हवे असेल तर यशाने रुग्ण आणखी खचायला हवेत. प्रत्यक्षात छोट्या कामात यश मिळाल्यावर त्यांची मनःस्थिती सुधारली. तेव्हा त्याने मान्य केले की स्वप्नातला हरलेला माणूस कुणाचा मुखवटा नाही. रुग्ण स्वतःकडे जागेपणीही तसाच पाहतो. १९६३-६४ च्या लेखांत त्याने हे मांडले. पुढे उपचार म्हणून रुग्णाच्या हाती दिले ते हेच कसब : स्वतःचे मत गृहीतक मानायचे, त्यातून काय घडायला हवे ते आधी सांगायचे आणि घडते का ते पाहायचे. अशा तपासणीत विचार खराही ठरू शकतो. नोकरी जाणार ही भीती साधार निघाली, तर पुढचे काम नोकरीविषयी करायचे असते, भीतीविषयी नव्हे. निकाल आधीच ठरलेला असेल तर त्याला तपासणी कोण म्हणेल?

यावर जाणकारांचा आक्षेप असा की बेक स्वतःच ‘विकृत विचार’, ‘तर्कदोष’ अशी भाषा वापरतो. म्हणजे निराश माणूस चुकतो हे त्यानेही गृहीतच धरले. आक्षेपात तथ्य आहे. मानसशास्त्रज्ञ ॲलॉय आणि अब्रामसन यांच्या १९७९ च्या प्रयोगात तर, बटण दाबण्याचा दिवा लागण्याशी किती संबंध आहे याचा अंदाज निराश विद्यार्थ्यांनीच अधिक अचूक बांधला. प्रयोगशाळेतल्या दिव्यावरून आयुष्याबद्दल किती बोलावे हा वाद अजून संपलेला नाही. पण हा आक्षेप बेकच्या तर्कदोषांच्या यादीला लागतो, त्याच्या रीतीला नाही. उलट, कोण चुकतो आहे हे आधी सांगता येत नाही म्हणूनच तपासावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. १९९६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेकबसन आणि सहकाऱ्यांनी या उपचाराचे भाग सुटे करून पाहिले. विचारांना हातही न लावता रुग्णाला पुन्हा कामाला, माणसांत, दिनक्रमाला लावणे एवढा भागही संपूर्ण उपचाराइतकाच उपयोगी ठरला. बेकचे अनुयायी म्हणतात की कृती हीच विचाराची परीक्षा असते. असेल, पण हा खुलासा जरा सोयीचा आहे, आणि विचार बदलल्यामुळेच माणूस बरा होतो हा दावा तेव्हापासून लंगडा झाला हे मान्य केलेले बरे. याच धाग्यावर गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेने उपचार आखला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी तो दिला आणि २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या चाचणीत तो उपयोगी ठरला. त्यात दिनक्रम होता, नातीगोती होती आणि प्रत्यक्ष अडचणी सोडवण्याचे कामही होते. कार्यशाळेतल्या ‘सीबीटी’त नेमकी हीच जागा रिकामी असते. पगार थकला आहे हा विचार तपासाअंती खरा निघाला, तर पुढचा प्रश्न पगार देणाऱ्याला विचारावा लागेल, आणि कार्यशाळेचे पैसे बहुधा त्यानेच भरलेले असतात.