बुडणार नाही, एवढ्यावर किती दिवस?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी स्टेट बँकेविषयी विचारले, तर दोन उत्तरे एका दमात मिळतात. पैसा ठेवायचा तर तिथेच, बुडायचा नाही. आणि तिथे काम घेऊन गेले की अर्धा दिवस गेलाच. दोन्ही उत्तरे बहुधा एकाच तोंडची असतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आलेल्या पेन्शनरांची रांग पाहावी. आयुष्यभर कष्ट केलेल्या बोटांचे ठसे यंत्र पटकन घेत नाही. मग बोट पदराला पुसायचे, पुन्हा दाबायचे, अंगठा नाही जमला तर तर्जनी. मागे कुरकुर सुरू होते, पुढची बाई ओशाळते, तेवढ्यात कुणीतरी ‘सर्व्हर डाऊन’ असल्याचे सांगते. इतके होऊनही खाते दुसरीकडे हलवायची भाषा त्या रांगेत कुणी करत नाही.

या दोन समजुती एकमेकींना धरून आहेत. पैसा सुरक्षित आहे या खात्रीपायी लोक बाकीचे सारे पोटात घालतात, आणि लोक पोटात घालतात म्हणून बँकेवर बदलण्याची सक्ती येत नाही. ही खात्री बँकेने कारभारातून कमावली त्यापेक्षा सरकारच्या मालकीतून तिला अधिक मिळाली आहे. निम्म्याहून जास्त भांडवल केंद्र सरकारचे, शाखा 22 हजारांवर, ग्राहक 50 कोटींवर. जिच्या कोसळण्याने सारी अर्थव्यवस्था हादरेल अशा बँकांच्या यादीत रिझर्व्ह बँकेने 2015 मध्ये तिला घातले, तेव्हा लोकांच्या समजुतीवर अधिकृत शिक्काच बसला.

समजूत निराधार मुळीच नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना स्वतःच्या पैशातले फक्त हजार रुपये काढता येऊ लागले. औषधपाण्याला, मुलांच्या फीला पैसे नाहीत म्हणून रडणारी माणसे मुंबईने तेव्हा पाहिली. सहाच महिन्यांनी, मार्च 2020 मध्ये, येस बँकेच्या ग्राहकांवर 50 हजारांची मर्यादा आली. पण तिथे पंधरवड्याच्या आत व्यवहार पूर्ववत झाले. कारण स्टेट बँक पुढे आली. तिने दहा रुपयांना एक या भावाने 605 कोटी शेअर्स घेतले आणि इतर बँकांनाही सोबत आणले. 2025 मध्ये येस बँकेतला 13.19 टक्के वाटा तिने जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकेला 8,889 कोटींना विकायचे ठरवले, म्हणजे तो व्यवहार आतबट्ट्याचाही झाला नाही. या कामाचे श्रेय स्टेट बँकेला हात न आखडता द्यायला हवे.

पण सरकार पाठीशी असले की बँक बुडत नाही, हा समज स्टेट बँकेच्याच घराण्यात एकदा खोटा ठरला आहे, आणि तोही मुंबईत. 1840 मध्ये निघालेल्या बँक ऑफ बॉम्बेत मुंबई सरकार भागधारक होते, संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा मावेना. त्यातच 1863 च्या कायद्याने कर्जवाटपावरचे जुने निर्बंध सैल केले आणि बँक शेअर्सच्या तारणावर कर्जे देऊ लागली. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअर्सची किंमत आकाशाला भिडली होती. शेअर्सचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाला बँकेत मोठे वजन होते. 1865 मध्ये युद्ध संपले आणि सगळा डोलारा कोसळला. 1868 मध्ये बँक गुंडाळावी लागली. त्याच वर्षी उभी राहिलेली न्यू बँक ऑफ बॉम्बे पुढे 1921 मध्ये इंपीरियल बँकेत आणि 1955 मध्ये तिच्यामार्फत स्टेट बँकेत आली. त्या जुन्या बँकेला खड्ड्यात घातले ते बड्या नावांवर टाकलेल्या आंधळ्या भरवशाने.

तो भरवसा अजून गेलेला नाही. किंगफिशर एअरलाइन्सला स्टेट बँकेच्या पुढाकाराखालच्या 17 बँकांनी कर्ज दिले आणि थकबाकी व्याजासह नऊ हजार कोटींवर गेली. तारणात काय होते? इतर गोष्टींबरोबर कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह. एप्रिल 2016 मध्ये या नावाचा लिलाव पुकारला गेला, राखीव किंमत होती 366 कोटी 70 लाख. एकही बोली आली नाही. विलेपार्ल्याच्या किंगफिशर हाऊसची राखीव किंमत दीडशे कोटी लावली होती. ती इमारत अनेक फसलेल्या लिलावांनंतर 2021 मध्ये 52 कोटींच्या आसपास गेली. याच देशात लाखभराच्या पीककर्जासाठी शेतकऱ्याला सातबारा, आठ-अ आणि आसपासच्या बँकांचे ‘नो ड्यूज’ दाखले गोळा करत हिंडावे लागते. कागद मागणे चूक नव्हे. पण कागद पारखणारी नजर रक्कम वाढेल तशी तीक्ष्ण व्हायला हवी. इथे ती नेमकी बोथट होत गेली.

2017-18 हे वर्ष या दृष्टीने नीट पाहण्यासारखे आहे. एप्रिल 2017 पासून बँकेने किमान शिल्लक न ठेवणाऱ्यांवर दंड पुन्हा सुरू केला. जनधन खाती वगळली होती, पुढे पेन्शन खातीही वगळली, तरी नोव्हेंबरपर्यंत त्यातून 1,771 कोटी रुपये गोळा झाले. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत बँकेचा निव्वळ नफा होता 1,581 कोटी. आणि वर्षअखेरीस बुडीत कर्जांसाठी तरतूद करता करता 6,547 कोटींचा तोटा! ज्यांच्या खात्यात हजार-दोन हजार कमी पडले त्यांच्याकडून पै-पै वसूल होत होती, आणि तोट्याचा खड्डा पडला होता तो बड्या थकबाकीदारांमुळे. हे आकडे शेजारी ठेवले की रांगेतल्या माणसाचा राग अज्ञानातून आलेला आहे असे कुणी म्हणू शकणार नाही.

स्टेट बँक स्थापन झाली तीच मुळी वेगळ्या हेतूने. गोरवाला समितीने 1954 मध्ये दाखवून दिले होते की खेड्यातला शेतकरी कर्जासाठी अजून सावकाराच्याच दारात उभा आहे. म्हणून इंपीरियल बँक ताब्यात घेऊन तिच्यावर पाच वर्षांत 400 नव्या शाखा काढण्याचे बंधन घातले गेले. बँकेचा तो जन्मदाखला आजही लागू आहे, आणि तिच्या शाखांचे मोजमाप त्यावरूनच व्हायला हवे.

लोकांना उत्तर देण्याची वेळ आली तेव्हा काय झाले, हे मार्च 2024 मध्ये साऱ्या देशाने पाहिले. निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवून सर्वोच्च न्यायालयाने रोख्यांचा तपशील 6 मार्चपर्यंत निवडणूक आयोगाला द्यायला सांगितले होते. बँकेने 30 जूनपर्यंत मुदत मागितली. खरेदीची माहिती एकीकडे आणि पक्षांनी वटवल्याची दुसरीकडे, 22,217 रोखे जुळवायला वेळ लागेल, असे तिचे म्हणणे होते. तोवर लोकसभेची निवडणूक आटोपली असती. रोखे विकण्याचा अधिकार ज्या एकमेव बँकेला होता, तिनेच असे म्हणावे हे सामान्य खातेदारालाही पटले नाही. न्यायालयाने 11 मार्चला अर्ज फेटाळला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माहिती मागितली, आणि ती त्या मुदतीत पोचली. रोख्यांचे क्रमांकही पुन्हा ठणकावल्यावर 21 मार्चला दिले गेले.

दंडाचेही असेच झाले. आकडे बाहेर आले, बोंब उठली, आधी दंडाची रक्कम उतरली आणि मार्च 2020 मध्ये बचत खात्यांवरचा दंड रद्द झाला. दोन्ही वेळा बँक हलली ती बाहेरच्या रेट्याने. तो रेटा कायमचा हवा, आणि तो खातेदारांनीच लावायला हवा. कुठल्या शाखेत किती जागा रिकाम्या आहेत, ठसा न उमटलेल्या पेन्शनरासाठी तिथे कोणती सोय आहे, गेल्या वर्षी निर्लेखित झालेल्या मोठ्या कर्जांचे धनी कोण आणि त्यांच्याकडून पुढे किती वसूल झाले, हे मराठीत लिहून शाखेच्या दर्शनी भिंतीवर लागले पाहिजे; व्याजदराचा तक्ता आज जसा लागतो, तसेच.