आठवत नाही म्हणजे दुखलं नाही?

कोलोनोस्कोपीसारख्या तपासणीआधी रुग्णाला बहुतेकदा सांगितलं जातं, ‘गुंगीचं इंजेक्शन देऊ, तुम्हाला काही कळणार नाही.’ या वाक्यात दोन आश्वासनं एकमेकांत मिसळून गेली आहेत: दुखणार नाही, आणि दुखलं तरी आठवणार नाही. भूलतज्ज्ञांनी गुंगीच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. त्यातल्या मध्यम पायरीवर रुग्ण स्वतःचा श्वास स्वतः घेतो आणि हाक मारल्यावर किंवा हलकेच हात लावल्यावर समजून प्रतिसाद देतो. ‘कुशीवर वळा’ म्हटलं की तो वळतो. यासाठी नेहमी वापरलं जाणारं मिडाझोलम भीती घालवतं, सुस्ती आणतं आणि त्यानंतर घडणाऱ्या गोष्टींची आठवण रुजू देत नाही. मात्र ते वेदनाशामक नाही. ते काम सोबत दिलेल्या फेंटानिलसारख्या औषधाचं. (प्रोपोफॉल दिलं की गुंगी बऱ्याचदा याहून खोल जाते. तिथे हा प्रश्न इतका टोकदार राहत नाही.) बहुतेकांना या अवस्थेत फारसा त्रास होत नाही, हे खरं. पण तपासणी चालू असताना ‘दुखतंय’ म्हणून कण्हलेला माणूस तासाभरानं ‘काहीच झालं नाही’ असं मनापासून सांगू शकतो. त्याच्या कोणत्या साक्षीवर विश्वास ठेवायचा?

माझ्या मते पहिल्या. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, सुखानं झोपलो, काही कळलं नाही. अद्वैत वेदान्त्यांनी यावरून मोठा सिद्धान्त उभा केला: ज्या अर्थी झोपेतल्या सुखाचं स्मरण होतं, त्या अर्थी झोपेतही कोणी साक्षी जागा असला पाहिजे. हा युक्तिवाद स्मरणाकडून अनुभवाकडे जातो. तो उलटा फिरवून ‘स्मरण नाही, म्हणून अनुभव नव्हता’ असं मात्र म्हणता येत नाही. नैयायिकांनी हा दोष केव्हाच दाखवून ठेवला आहे: धूर दिसला तर अग्नी आहे असं म्हणता येतं, पण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याला धूर नसतो आणि अग्नी असतोच. शिवाय इथे स्मरणाबाहेरचा पुरावाही हजर असतो. आकसलेला चेहरा, वाढलेली नाडी, हात बाजूला सारण्याची धडपड, आणि स्पष्ट शब्द.

यावर कोणी विचारील, ज्याची आठवणच उरली नाही त्या दुःखानं नुकसान झालं कोणाचं? हा प्रश्न वाटतो तितका निरुपद्रवी नाही. गेल्या शतकात नवजात बाळांवरच्या शस्त्रक्रिया कित्येकदा अपुऱ्या भुलीवर उरकल्या जात, आणि बाळाला पुढे काय आठवणार आहे, हेही त्यामागचं एक समर्थन होतं. 1987 साली कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की फेंटानिल न मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरात शस्त्रक्रियेच्या ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त उसळतात. ‘म्हणजे तिथे शरीरावर परिणाम झाला होता,’ असं कोणी म्हटलं, तर आठवण हा निकष नव्हे हे त्यानं मान्यच केलं. बौद्ध विचारवंत शान्तिदेव तर आणखी पुढे जातो. दुःखाला कायमचा मालकच नाही, म्हणून हे दुःख माझं की दुसऱ्याचं हा भेद गौण. दुःख आहे एवढ्यासाठीच ते निवारायचं. हे मानलं तर टेबलावरचा ‘मी’ आणि घरी परतलेला ‘मी’ वेगळे ठरवूनही सुटका होत नाही.

खरा जड आक्षेप वेगळा आहे: विसरणं हे स्वतःच हिताचं असेल तर? डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल कानेमन यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोलोनोस्कोपीच्या रुग्णांनी दर मिनिटाला वेदनेची नोंद केली. तपासण्या 4 मिनिटांपासून 69 मिनिटांपर्यंत चालल्या, पण नंतरची आठवण या लांबीवर जवळजवळ अवलंबून नव्हती. सर्वाधिक दुखल्याचा क्षण आणि शेवटची काही मिनिटं, यांवरच ती ठरत होती. पुढची तपासणी टाळायची की नाही हे माणूस अशा आठवणीवरूनच ठरवतो, त्यामुळे विस्मरणाचं मोल मला नाकारायचं नाही. मात्र ते वेदनाशमनाला पर्याय नाही, त्यात पडलेली भर आहे. संमतीच्या कागदावर सही करणारा एका अर्थी दुसऱ्यासाठीच, टेबलावरच्या ‘मी’साठी, सही करत असतो, आणि त्या दुसऱ्याला नंतर तक्रारही करता येणार नसते.

दुखू शकतं पण ते आठवणार नाही, इतकं सांगितलं तर रुग्ण घाबरेल, असं डॉक्टरांना वाटतं. पण अर्धवट जागेपणी आवाज ऐकू येणार हे ठाऊक असलेला रुग्ण आवाज ऐकून दचकणार नाही. म्हणून इंजेक्शनच्या आधीच विचारावं: वेदनेसाठी वेगळं औषध आहे का, दुखलं तर कोणती खूण करायची, ती केल्यावर थांबणार का, आणि पूर्ण वेळ श्वासावर आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवायला स्वतंत्र माणूस आहे का. घोरण्याचा किंवा झोपेत श्वास अडण्याचा त्रास आणि चालू औषधं लपवू नयेत. तपासणीनंतर डॉक्टर जे सांगतात तेही पुसलं जाऊ शकतं, म्हणून ते नातेवाइकासमोर आणि लेखी घ्यावं. त्या दिवशी गाडी चालवू नये, व्यवहाराच्या कागदांवर सह्या करू नयेत. आणि रुग्णालयांनी घरी जाताना भरून घेतलेल्या समाधानाच्या फॉर्मवरून वेदना मोजू नये. ती मोजायची तर तपासणी चालू असताना नर्सनं केलेली नोंद पाहावी.