सावधान आणि त्यानंतरची वर्षं

माणदेशातून घर सोडून जाणाऱ्यांच्या दोन वाटा इथल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ आहेत. एक पोटासाठीची. पाऊस हुकला की मेंढरं घेऊन मुलखाबाहेर, नाहीतर मुंबईच्या गिरणीत. दुसरी देवासाठीची. गोंदवल्यात 1845 साली जन्मलेलं एक पोर गुरूच्या शोधात घराबाहेर पडलं, मराठवाड्यात येहळेगावच्या तुकामाईंपाशी पोचलं आणि ब्रह्मचैतन्य होऊन गावी परतलं. त्यामुळे 'देवानं बोलावलं' हे वाक्य आमच्या कानाला परकं वाटत नाही.

मराठी कॅथलिक या बोलावण्याला 'पाचारण' म्हणतात. धर्मगुरू किंवा सिस्टर व्हायची ओढ लागलेला मुलगा, मुलगी एक प्रश्न हमखास विचारते: यासाठी काय वाचू? बहुतेक वेळा हातात संतचरित्र ठेवलं जातं. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे, असं माझं ठाम मत आहे. का, ते सांगायचं तर पाचारणाची कल्पना कशी बदलत गेली हे पाहावं लागतं.

सुरुवातीला पाचारण म्हणजे वीज पडणं. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अँटनीच्या कानावर चर्चमध्ये शुभवर्तमानातला एक उतारा पडला: आहे ते विकून गोरगरिबांना दे. त्यानं दिलं आणि पुढे वाळवंटात गेला. त्याचं चरित्र अथनेशियसनं लिहिलं. 386 साली मिलानमध्ये ऑगस्टीनला त्या चरित्राची हकिकत कळली, आणि त्यानंतर लगेच एका बागेत पौलाच्या पत्रातला उतारा वाचून त्याचं आयुष्य फिरलं. म्हणजे ऐकलेल्या शब्दातून चरित्र आलं आणि चरित्रानं दुसरा माणूस पेटवला. संतचरित्र हातात देण्याची रीत इतकी जुनी आहे.

मग काळ बदलला आणि बोलावणं आईबापांच्या हातात गेलं. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीत मुलगा मठाला अर्पण करण्याचा विधी आहे. अर्जाचा कागद आणि मुलाचा हात वेदीवरच्या वस्त्रात गुंडाळायचा, की झालं अर्पण. हे वाचताना मला खंडोबाला सोडलेली मुलं आठवतात. नवस आईबापांचा आणि आयुष्य लेकराचं. वाघ्या-मुरळीची दुःखं पाहिलेल्या मुलखाला यातला दोष वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चर्चलाही तो उमगला, पण फार उशिरा. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं ठरवलं की सोळा वर्षं पुरी झाल्याशिवाय आणि वर्षभराची उमेदवारी केल्याशिवाय कुणाचं व्रत मानायचं नाही. मुलीला बळजबरीनं मठात घालणारा बहिष्कृत.

पाचारण ज्याचं त्याला मिळालं, पण ते खरं की मनाचे खेळ, हे ओळखायचं कसं? त्याची वाट तोवर एका जखमी शिपायाला सापडली होती. मे 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं इग्नेशियसचा पाय मोडला. लोयोलाच्या गढीत अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं वाचायला वीरकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. ख्रिस्ताचं एक चरित्र आणि संतांच्या कथा तेवढ्या होत्या. तो त्या वाचायचा, पुस्तक मिटायचा आणि स्वप्नं रंगवायचा. कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीची सेवा करण्याची, कधी फ्रान्सिस आणि डॉमिनिकसारखं होण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागत. नंतर मात्र पहिल्यानं मन कोरडं पडे आणि दुसऱ्यानं निवांत राही. हा फरक त्याच्या ध्यानात आला.

मला वाटतं, पाचारणाच्या साऱ्या इतिहासात यापेक्षा मोठा शोध नाही. पुस्तक वाचताना काय वाटलं हे महत्त्वाचं नाही. पुस्तक मिटल्यावर, दोन दिवसांनी, आठवड्यानं काय उरलं ते पाहायचं. त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात नियमच आहे: मन खचलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. 1548 मध्ये पोपनी त्या पुस्तकाला मान्यता दिली.

याला आपल्याकडे शब्द तयार आहे: विवेक. सज्जनगड आमच्याच जिल्ह्यात. समर्थांनी दासबोधाच्या एका सबंध दशकाला विवेकवैराग्य हे नाव दिलं. एकटं वैराग्य माणसाला भरकटवतं, हे त्यांनी बजावून ठेवलं आहे. तरी आपल्या लक्षात राहिलं काय? मंडपातलं 'सावधान' आणि पळालेला नवरदेव. त्यानंतरची टाकळीची बारा वर्षं आणि भ्रमंतीची बारा वर्षं परंपरा सांगते, पण ती कुणी रंगवून सांगत नाही. संतचरित्रांचंही हेच होतं. पळ लक्षात राहतो, वाट पाहणं गळून जातं.

म्हणून वसईच्या गोन्सालो गार्सियाची कथा मी आवर्जून वाचायला सांगेन. येशूसंघीयांबरोबर तो जपानला गेला, त्यांच्यासाठी राबला. त्यांच्यात यायचं म्हणाला, पण प्रवेश मिळाला नाही. मग व्यापार केला, चांगला केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला. एक दार बंद झालं म्हणून बोलावणं खोटं ठरलं नाही, आणि मधली व्यापाराची वर्षंही फुकट गेली नाहीत.

दुसरं पुस्तक कॅथलिक नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. एका माणसाला हाक आली की घरातल्या बाईला काय सोसावं लागतं, हे मराठीत याहून खरं कुठे लिहिलेलं नाही. ज्याला घर सोडायचं आहे त्यानं घराची बाजू वाचलीच पाहिजे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 मध्ये कल्पनेला आणखी एक वळण दिलं. पवित्रतेचं बोलावणं सगळ्यांनाच आहे, प्रापंचिकांनाही. गोंदवलेकर महाराज प्रपंचातच नाम घ्या म्हणत राहिले, ते ऐकत वाढलेल्याला हे ओळखीचं वाटेल. यानं व्रतस्थ जीवन हलकं होत नाही. उलट प्रश्न सोपा आणि खरा होतो: वरची वाट कोणती हे सोडा, माझी कोणती?

तेव्हा वाचा. मराठीत वाचा, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' हाताशी आहे. सावकाश वाचा, मिटून ठेवा, मन कोरडं पडतं की निवांत राहतं ते पाहा. आणि मुलांनो, कुणी घाई केली तर त्याला चर्चचा आजचा कायदा दाखवा. किमान बारा महिन्यांची उमेदवारी, मग किमान तीन वर्षांची मुदतीची व्रतं. आणि वयाची एकवीस वर्षं पूर्ण होण्याआधी घेतलेलं आजन्म व्रत ग्राह्यच धरलं जात नाही.