आईचें प्रायश्चित्त

बाराव्या शतकांत फ्रान्समधील एका पंडितानें नीतिशास्त्रावर एक लहानसा ग्रंथ लॅटिन भाषेंत लिहिला. 'स्वतःला ओळख' असें त्याचें नांव. ग्रंथांत वादविवाद पुष्कळ आहे. परंतु पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनांत घर करून राहते ती त्यांतील एक दरिद्री आई. तिला अंगावर पिणारें मूल आहे, आणि त्याला पांघरावयास व स्वतःला गुंडाळावयास पुरेल एवढें वस्त्र तिच्याजवळ नाहीं. पोराची दया येऊन ती त्याला आपल्या चिंध्यांत ओढून घेते व छातीशीं धरून ऊब देते. पुढें देहधर्माप्रमाणें तिचा डोळा लागतो, आणि जिवापाड जपलेलें तें बाळ तिच्याच मिठींत गुदमरून मरतें. ही आई बिशपापुढें उभी राहते, तेव्हां बिशप तिला कडक प्रायश्चित्त सांगतो. तिचा अपराध कोणता, हा त्या ग्रंथकाराचा प्रश्न. आणि जवळजवळ नऊशें वर्षें लोटलीं तरी तो शिळा झालेला नाहीं.

हें उदाहरण तर्कासाठीं योजिलेलें असलें तरी तें त्या काळच्या संसारांतूनच उचललेलें आहे. गरीब शेतकऱ्याचें घर म्हणजे बहुधा एकच खोली. मध्यभागीं चूल, धुरास वाट छपरांतून, निजावयास गवताची गादी, आणि हिवाळ्याच्या रात्रीं एका अंथरुणांत सारें कुटुंब. अशा अंथरुणांत मूल चेंगरून मरण्याचे प्रकार इतके घडत कीं, पापांचीं व त्यांवरील प्रायश्चित्तांचीं जीं कोष्टकें धर्मगुरूंच्या हाताशीं असत, त्यांत ह्या पातकासही जागा होती. हीं कोष्टकें सहाव्या शतकाच्या सुमारास आयर्लंडच्या मठांत तयार होऊं लागलीं आणि पुढें पश्चिम युरोपांत पसरलीं. अमुक पातकास अमुक दिवस किंवा अमुक वर्षें भाकरी आणि पाणी ह्यांवर उपवास, असा त्यांचा रोकडा हिशेब असे. आपल्याकडील प्रायश्चित्तप्रकरणें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस हा प्रकार अपरिचित वाटणार नाहीं. आपल्या स्मृतिकारांनींही बुद्धिपुरःसर केलेलें व नकळत घडलेलें पातक ह्यांत भेद केला आहे. पण भेद करणें निराळें, आणि त्या भेदाच्या मुळाशीं जाणें निराळें.

आमचा ग्रंथकार मुळाशीं गेला. पीटर आबेलार हा इ. स. १०७९ मध्यें ब्रिटनी प्रांतांतील ल पाले ह्या गांवीं एका सरदाराच्या घरीं जन्मला. वतनावर पाणी सोडून तो विद्येच्या मागें लागला, आणि पॅरिसमध्यें त्याच्या व्याख्यानांस दूरदूरचे विद्यार्थी लोटूं लागले. त्याचें उत्तर निर्भीड आहे. मनांत वासना उठणें हें पाप नव्हे. ती देहस्वभावाची गोष्ट. हातून कृत्य घडणें हेंही पाप नव्हे. तें पुष्कळदां योगायोगाचें काम. ह्या दोहोंच्या मध्यें एक क्षण असतो, आणि त्या क्षणीं, जें करूं नये असें आपणांस ठाऊक आहे, त्यास मन 'हो' म्हणतें. ती संमति हेंच पाप. आणि ती एकदां दिली गेली कीं पुढें कृत्य घडो वा न घडो, पाप तिळभर वाढत नाहीं आणि घटतही नाहीं. पुण्याचेंही तेंच. दोघे जण गरिबांसाठीं घरें बांधण्याचा संकल्प करितात. एकाचा तडीस जातो, दुसऱ्याचा पैसा लुटला जातो. लुटारूच्या दुष्टपणामुळें ह्या दुसऱ्याचें पुण्य कमी कां व्हावें, असा त्याचा सवाल आहे.

मग त्या आईला प्रायश्चित्त कशासाठीं? आबेलार म्हणतो, तिच्या दोषासाठीं नव्हेच. तिनें व इतर स्त्रियांनीं पुढें अधिक सावध असावें म्हणून. माणसाच्या न्यायासनाला काळजांत डोकावतां येत नाहीं. त्याला दिसतें तें कृत्य आणि लोकांवर होणारा त्याचा परिणाम. आणखी एक न्यायाधीश त्यानें आपल्यापुढें उभा केला आहे. आरोपी निर्दोष आहे हें ह्या न्यायाधीशाला ठाऊक आहे. परंतु खोट्या साक्षी खोडून काढण्यास पुरावा हातीं नाहीं, आणि कायद्याप्रमाणें शिक्षा सुनावण्यावांचून गत्यंतर नाहीं. तात्पर्य, दंड हें समाजाच्या गरजेचें माप आहे, अपराध्याच्या पापाचें नव्हे. पापाचें माप एका ईश्वराजवळ.

हा पंथ सोयीचा आहे असें कोणास वाटेल, तर त्यानें तो आबेलारच्याच चरित्रास लावून पाहावा. पॅरिसच्या मुख्य चर्चमधील फुल्बेर नांवाच्या धर्माधिकाऱ्याची भाची हेलोईज ही विदुषी म्हणून विख्यात होती. तिला शिकविण्याच्या निमित्तानें आबेलार त्याच्या घरीं राहावयास गेला. तिला वश करण्याचा बेत आपण आधींच योजिला होता, अशी कबुली त्यानें आपल्या आत्मवृत्तांत स्वतःच दिली आहे. मूल झालें, गुप्त विवाह झाला, आणि फुल्बेरच्या माणसांनीं एका रात्रीं झोंपेंत गांठून त्याचें पुरुषत्व छेदिलें. तो मठांत गेला. त्याच्या आज्ञेवरून तीही संन्यासिनी झाली. संमतीच्या तराजूंत घातल्यास आबेलारचा दोष कमी होत नाहीं, उलट वाढतो.

हेलोईजनें पुढें मठाधिकारिणी असतां त्याला जीं पत्रें लिहिलीं, त्यांत हाच सिद्धांत उलट बाजूनें तपासला आहे. लोक आपल्याला पवित्र म्हणून वानतात, कारण त्यांस आपलें वर्तन दिसतें. उपासनेच्या वेळीं आपलें मन कोठें भटकतें तें त्यांस दिसत नाहीं, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. ती आई निर्दोष असून दंड भोगते; ही संन्यासिनी स्वतःच्या मतें सदोष असून स्तुति भोगते. दोघींसही जगानें कृत्यावरूनच तोललें.

परंतु एक शंका उरते, आणि ती लहान नाहीं. इ. स. १०९६ मध्यें पहिल्या धर्मयुद्धास निघालेल्या टोळ्यांनीं ऱ्हाईन नदीकांठच्या वर्म्स, माइन्झ इत्यादि शहरांत ज्यू लोकांची कत्तल केली. आबेलार तेव्हां सतरा वर्षांचा असावा. मारणाऱ्यांपैकीं कांहीं लुटीसाठीं आले असतील. पण आपण ईश्वराचीच सेवा करीत आहों असें मानणारेही त्यांत होते. मग तेवढ्यानें ते निष्पाप कीं काय? आबेलार येथें कचरत नाहीं. ख्रिस्ताला क्रुसावर चढविणारे जर तें खरोखरच कर्तव्य समजून करीत असतील, तर आपल्या बुद्धीविरुद्ध त्याला सोडून देण्यांत त्यांचा दोष अधिक झाला असता, असें त्याचें मत. हें मत त्याला भोंवलें. इ. स. ११४१ मध्यें सांस येथील धर्मपरिषदेंत क्लेअर्व्होचा मठाधिपति बर्नार्ड ह्यानें त्याच्यावर जीं दूषणें ठेविलीं त्यांत हेंही होतें. आणि पोप दुसरा इनोसंट ह्यानें त्याला पाखंडी ठरवून मौनाची शिक्षा दिली.

बर्नार्डचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. अज्ञानानें घडलेलें पापही पापच असूं शकतें, असें तो मानी. इ. स. ११४६ मध्यें दुसऱ्या धर्मयुद्धाच्या वेळीं ऱ्हाईनकांठीं तोच वणवा पुन्हां पेटूं लागला, तेव्हां स्वतः त्या युद्धाचा पुरस्कर्ता असूनही, ज्यूंवर हात टाकूं नका असें त्यानें तेथें जाऊन बजावलें. मारणाऱ्याचा हेतु तपासीत बसण्याची ती वेळ नव्हती. मरणाऱ्यास वांचविणें प्राप्त होतें.

तथापि ह्या शंकेचें कांहीं उत्तर आबेलारच्या ग्रंथांतही आहे. हेतु चांगला वाटला एवढ्यानें तो चांगला होत नाहीं. तो खरोखरच तसा असला पाहिजे, असें तो स्पष्ट म्हणतो. म्हणजे आपल्या हेतूची झडती घेणें हेंही कर्तव्यच ठरतें. आम्हांस वाटतें, ग्रंथाच्या नांवाचें मर्म येथें आहे. स्वतःला ओळख असें तो सांगतो. शेजाऱ्याला ओळख असें सांगत नाहीं. हेतूचा कांटा स्वतःवर कठोरपणें चालवावयाचा आहे. आपण मात्र तो उलटा धरतों. स्वतःच्या चुकीवर चांगल्या हेतूचें पांघरूण घालतों, आणि दुसऱ्याची चूक कृत्यावरून मोजतों. मुलाच्या हातून भांडें फुटलें तर भांड्याच्या किंमतीइतका राग येतो. आपण मुलाला टाकून बोललों तर तें त्याच्या भल्यासाठींच होतें असें तत्काळ सुचतें.

त्या आईकडे पुन्हां वळूं. तूं निर्दोष आहेस, एवढें सांगून तिचें समाधान झालें असतें असें वाटत नाहीं. जिच्या कुशींत मूल गेलें तिला तर्कानें झोंप येत नसते. अशा आईला उपवासाचे ते दिवस कदाचित् आधारही वाटत असतील. दुःखाला कांहीं तरी करावयास मिळतें. परंतु शेजारीपाजारी तो उपवास पाहणार, आणि हिच्या हातून पाप घडलें असेंच समजणार. आपण दंड सावधगिरीसाठीं देतों हें बिशपाला ठाऊक असेल. पण तें त्यानें मोठ्यानें सांगितलें नाहीं, तर त्या न सांगण्यांत अन्याय आहे. दंड करणें ज्यांच्या वांट्यास येतें, मग ते न्यायाधीश असोत, शिक्षक असोत कीं आईबाप असोत, त्यांनीं दंडाबरोबर एवढें बोलून दाखवावें कीं, हा दंड आमच्या गरजेचा आहे. तुझ्या अंतःकरणाचें माप आम्हीं घेतलेलें नाहीं.

आबेलारला असा एक माणूस भेटला. क्लूनीचा मठाधिपति पीटर ह्यानें ह्या शिक्षा झालेल्या म्हाताऱ्याला आपल्या मठांत आश्रय दिला, बर्नार्डशीं त्याचा समेट घडविला, आणि इ. स. ११४२ मध्यें तो वारल्यावर हेलोईजच्या विनंतीवरून त्याच्या दोषमुक्तीचा लेख तिच्याकडे धाडिला. त्या दरिद्री आईसाठीं असा लेख कोणीं लिहिला नाहीं. आबेलारच्या ग्रंथांतील थोडक्या ओळी, एवढाच काय तो तिचा दोषमुक्तीचा लेख.