दुसऱ्या अपराधाची शिक्षा

कुर्ल्यास एका घरी बसलो असता खेड्याहून आलेल्या एका बंधूंनी आम्हांस विचारले, “जो मनुष्य स्त्रीवर एकदा बलात्कार करून पुन्हा तेच करितो, त्यास अधिक कठोर शिक्षा देणे हा न्याय की सूड?” प्रश्न गंभीर आहे, म्हणून येथे त्याचा विचार करू.

कुर्ल्याहून महालक्ष्मी फार दूर नाही. तेथील बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात २२ ऑगस्ट २०१३ रोजी एका तरुण वृत्तछायाचित्रकार भगिनीवर सामूहिक बलात्कार झाला. ती बातमी पसरल्यावर टेलिफोनवर काम करणारी दुसरी एक भगिनी पुढे आली. तिच्यावरही त्याच जागी ३१ जुलै रोजी तोच प्रसंग गुदरला होता. तिघे जण दोन्ही खटल्यांत दोषी ठरले. अशा अपराधात दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास मरेपर्यंत कारावास अथवा फाशी, असे ३७६ ई हे कलम त्याच वर्षी दंडसंहितेत आले होते. त्यान्वये ४ एप्रिल २०१४ रोजी सत्र न्यायालयाने त्या तिघांस फाशी सांगितली.

उच्च न्यायालयाने २०१९ साली हे कलम घटनेस धरून आहे असे ठरविले. तथापि २५ नोव्हेंबर २०२१ रोजी फाशी रद्द करून त्यांस आमरण कारावास दिला. मृत्यू आला की पश्चात्तापास जागाच उरत नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय होता. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७१ मध्ये आहे.

कोणी म्हणेल, पहिल्या अपराधाची शिक्षा भोगली, मग तो पुन्हा का मोजावा? तो पुन्हा मोजला जात नाही. ज्यास इशारा मिळाला आणि ज्याने तो पायाखाली तुडविला, त्याचा दुसरा अपराध अधिक जड असतो. म्हणून वाढीव शिक्षा आम्हांस न्याय्य वाटते. आमरण कारावासाने इतर भगिनींचे रक्षण होते, आणि अपराध्यास पश्चात्तापाची वाटही मोकळी राहते.

परंतु एक गोष्ट आमच्या मनास बोचते. ह्या तिघांस दोन अपराधांमधील बावीस दिवसांत कोणत्याच न्यायालयाचा इशारा मिळाला नव्हता. पहिली गोष्ट अद्याप उघडच झाली नव्हती. ह्याचा दोष त्या भगिनीस मुळीच नाही. बोलणाऱ्या स्त्रीसच कलंक लावणारे लोक कोण? आपणच. गावात असे घडले की वडीलधारे म्हणतात, “घराची अब्रू जाईल.” पंच दंड घेऊन प्रकरण मिटवितात, किंवा त्याच नराधमाशी मुलीचे लग्न लावितात. अपराधी त्यातून एवढेच शिकतो की काही होत नाही. दुसरा अपराध तेथेच जन्मतो.

म्हणून उपदेशक बंधूंनो, अशी गोष्ट कानी आली तर समेट करू नका. मुलीवर विश्वास ठेवा, तिच्यासोबत पोलीस ठाण्यात व दवाखान्यात जा. न्यायाधीश दुसऱ्या अपराधास शिक्षा वाढवील. पण पहिला झाकणाऱ्यांनी स्वतःस निर्दोष समजू नये. त्या बंधूंसही आम्ही हेच उत्तर दिले.