कोऱ्या जागेचा अर्थ

नकाशावरील कोरी जागा ही अज्ञानाची खूण होय, असें मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षें सांगत आलों. ती जागा हेतुपुरस्सर राखलेल्या मौनाचीही खूण असूं शकेल, हा विचार केनियांतील ओगिएक लोकांच्या एका उद्योगाची हकीकत वाचतांना माझ्या मनांत प्रथम आला.

माऊ अरण्यांतील हे लोक मूळचे शिकार व मध यांवर जगणारे. झाडांवर पोकळ ओंडके टांगून ते मधमाशा पाळतात. इंग्रजी अमलापासून त्यांना अरण्याबाहेर काढण्याचे प्रयत्न वारंवार झाले. २००६ सालीं नेसुइट येथें त्यांनीं पूर्व माऊची प्रतिकृति उभारली. समान उंचीच्या रेषांबरहुकूम कापलेले पुठ्ठे एकावर एक चिकटवून डोंगरदऱ्या घडविल्या. नंतर वृद्ध स्त्रीपुरुषांनीं टांचण्या, सूत व रंग यांच्या साहाय्यानें त्यांवर १९२५ च्या सुमाराचें अरण्य मांडलें. छापील नकाशा ज्यांना उलगडत नाहीं, त्यांचेंही बोट अशा प्रतिकृतीवर ओढ्याच्या उगमाशीं बिनचूक थांबतें. एकाची आठवण दुसरा सुधारतो, तरुण ऐकतात.

परंतु जें दाखवितां येतें तें सगळें दाखवावें काय? कोणी म्हणेल, ज्ञान अखिल मानवजातीचें. तें दडविणें हा कृपणपणा होय. हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. सांगितलें नाहीं तर वृद्धांबरोबर ज्ञानही लयास जातें, आणि मौन पाळणाऱ्याचा भूमीवरील हक्कही कोणी मानीत नाहीं. मात्र औषधी वनस्पतींची जागा एकदां उघड झाली, कीं तेथें न्यायाधीशाच्या आधीं व्यापारी पोंचण्याचा संभव अधिक. शिवाय सांगितल्यानें संरक्षण मिळतेंच असेंही नाहीं. २०१७ सालीं आफ्रिकेच्या मानवाधिकार न्यायालयानें ओगिएकांच्या बाजूनें निकाल दिला. तरीही २०२३ मध्यें माऊंतील त्यांचीं घरें पाडून त्यांना हुसकावण्यांत आलें.

आपल्या परंपरेंत ऋषिऋणाची कल्पना आहे. ज्ञान घेणारा ऋणी होतो, मालक होत नाहीं. म्हणून अशा प्रतिकृतींत काय दाखवावयाचें, कोणत्या खुणेनें दाखवावयाचें आणि काय वगळावयाचें, हें ठरविण्याचा अधिकार त्या भूमीच्या माणसांकडेच असला पाहिजे. आणि त्यांनीं वगळलेल्या जागीं पाहणाऱ्यानें आपली पेन्सिल चालवूं नये. मी तरी यापुढें वर्गांत 'येथें कांहीं ठाऊक नाहीं' असें म्हणण्यापूर्वीं 'कोणाला?' असें स्वतःस विचारीन.