जुन्या खेळाला नवे हात

२००४ च्या डिसेंबरात जपानमध्ये ‘डाँकी काँग जंगल बीट’ हा व्हिडिओ गेम आला. तो बोंगोंच्या जोडीवर खेळायचा होता. उजवा बोंगो बडवला की पडद्यावरचं माकड उजवीकडे धावे, डावा बडवला की डावीकडे, दोन्ही एकदम वाजवले की उडी मारे. टाळी दिली तर बोंगोत बसवलेला माईक ती ऐके आणि माकड आसपासची केळी गोळा करी. खेळणाऱ्याच्या पंजातला ताल आणि माकडाची धाव यांच्यात अंतर राहतच नसे. चार वर्षांनी निन्टेंडोनं तोच गेम आपल्या ‘वी’ या यंत्रासाठी पुन्हा काढला, तेव्हा बोंगो गेले होते. धावणं स्टिकवर आलं, उडी बटणावर आली, आणि टाळीच्या जागी हातातले कंट्रोलर झटकायचे होते. ‘न्यू प्ले कंट्रोल’ या मालिकेत असेच आणखी जुने गेम आले: ‘पिकमिन’, ‘मारिओ पॉवर टेनिस’, आणि जपानमध्ये ‘मेट्रॉइड प्राइम’. अमेरिकेत वीचा नवा गेम पन्नास डॉलरला मिळत असताना हे तीस डॉलरला होते. गोष्ट जुनी, चित्रं जवळजवळ तीच, हाताची हालचाल तेवढी नवी. असा गेम पुन्हा पैसे मोजून घ्यावा का, हा वरकरणी दुकानातला प्रश्न आहे. मला तो कलेच्या वारशाचा प्रश्न वाटतो, आणि त्यावर विचार करायला पेठसारखी जागा मिळणं कठीण.

नाशिकहून सावळघाट ओलांडून पेठ तालुक्यात आलं की भात, नागली आणि वरईचा, मुसळधार पावसाचा मुलूख सुरू होतो. शेतीची कामं उरकलेली असतात त्या दिवसांत, होळीच्या सुमारास आणि पुढे उन्हाळ्यात, इथल्या आणि शेजारच्या सुरगाणा, जव्हार, मोखाड्याकडच्या गावांत बोहाडा होतो. मशालींच्या उजेडात रात्रभर एकेक सोंग येतं. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण आणि कितीतरी. शेवटाकडे देवी आणि महिषासुर. सोबत संबळ आणि सनई. मुखवटा पुष्कळदा नाचणाऱ्यापेक्षा वयानं मोठा असतो. अनेक ठिकाणी सोंग घराण्यात चालत येतं. बाप थकला की मुलगा ते अंगावर घेतो. मुखवटा कागदाच्या लगद्याचा नाहीतर लाकडाचा, त्याच्यावरचा भाव बदलत नाही. म्हणून मद, संताप, हार हे सगळं मानेनं, खांद्यानं, गुडघ्यानं आणि पावलानं सांगावं लागतं. चेहरा झाकल्यावर माणसाचं अंग किती बोलतं, हे ज्यानं बोहाडा पाहिला नाही त्याला सांगून कळायचं नाही.

महिषासुर मरणार हे समोर बसलेल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी कुणी ‘गेल्या वर्षीच पाहिलं’ म्हणून घरी बसत नाही. दरवर्षी तेच काम नव्यानं निघतं, त्यात नवं असतं ते अंग. मुलगा बापापेक्षा उंच असेल, त्याची गिरकी रुंद असेल, वाकताना तो थोडा उशीर करत असेल, आणि जाणती माणसं तो फरक बघायलाच बसलेली असतात. पण संबळ काढून घेतला तर? मुखवटा, मशाली, गोष्ट सगळं जागच्या जागी राहील आणि बोहाडा उरणार नाही. कारण पाऊल त्या ठेक्यातून निघतं. जंगल बीटचं असंच झालं, असं मला वाटतं. त्या गेमचा ठेका खेळणाऱ्याच्या पंजात होता, आणि पुनर्जन्मात नेमका तोच गेला.

वीवर हात हलवून खेळायच्या या तंत्रामागे एक समजूत होती: टेनिसचा फटका बटण दाबून मारण्यापेक्षा हात फिरवून मारणं अधिक खरं, म्हणून अधिक चांगलं. ही समजूत तपासायला भरताच्या नाट्यशास्त्राइतकं चांगलं साधन मला दिसत नाही. भरतानं अभिनयाच्या दोन रीती सांगितल्या आहेत. लोकधर्मीत नट लोकव्यवहारात माणसं वागतात तसा वागतो. नाट्यधर्मीत संकेत चालतो: नटानं रंगमंचावर एक फेरी घातली की पात्र दुसऱ्या गावी पोचलं, रथ नसतो, घोडे नसतात, अंगाच्या डौलावर राजा रथात बसलेला दिसतो. नाट्यधर्मी म्हणजे साधनांअभावी केलेली तडजोड, असं भरत कुठेही मानत नाही. संकेत मुरला की प्रेक्षकाला तो संकेत वाटेनासा होतो.

बटण हा गेमचा नाट्यधर्म आहे. अंगठ्याची जराशी हालचाल आणि पडद्यावर दहा हात उडी, यांच्यात कसलंही साम्य नाही. तरी थोड्या सरावानं अंगठा हीच उडी होते, इतकी की खड्ड्यावरून जाताना खेळणाऱ्याचा श्वास अडतो. हात फिरवून खेळणं हा त्यातला लोकधर्म. दोन्हींना आपापली जागा आहे. मात्र एका रीतीत रचलेलं काम दुसऱ्या रीतीत नेताना काय सुटतं आणि काय सापडतं, हे प्रत्येक गेमपुरतं वेगळं पाहावं लागतं. ‘हालचालीचे कंट्रोल चांगले की वाईट’ असा सरसकट वाद मला म्हणूनच निष्फळ वाटतो.

टेनिसचंच बघा. वीच्या रिमोटमध्ये प्रवेग मोजणारा एक छोटा घटक होता. हाताला झटका बसला, तो तिन्ही दिशांना किती बसला, एवढं त्याला कळे. मनगट कसं वळलं हे नेमकं कळायला जायरोस्कोप लागतो, आणि तो ‘मोशनप्लस’ नावाच्या जोडभागातून २००९ च्या जूनमध्ये आला. मारिओ पॉवर टेनिस त्याआधीचा. त्यात खेळणारा जीव ओतून हात फिरवत होता आणि यंत्र त्यातून ‘फटका मारला’ यापलीकडे फारसं नेमकं वाचत नव्हतं. म्हणजे दिसायला लोकधर्मी आणि आतून बटणच, तेही उशिरा लागणारं. मूळ गेममध्ये अंगठ्यानं क्षण अचूक पकडता येई. इथे ती अचूकता गेली आणि तिच्या बदल्यात खऱ्या टेनिसचं काही आलं नाही. अशा गेमला तीस डॉलरही जास्त होते.

पिकमिनची गोष्ट उलटी. निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतोचा हा २००१ चा गेम. बागेत रमणाऱ्या माणसाला सुचलेला, मुंग्यांसारख्या इवल्या जिवांची फौज सांभाळायचा. जुन्या कंट्रोलरवर नेमकं कुठे फेकायचं हे दाखवणारं वर्तुळ नायकाच्या चालण्याला बांधलेलं होतं. तो वळला की ते वळे. वीवर रिमोट पडद्याकडे रोखला की वर्तुळ तिथे. हा गेम बोट दाखवून ‘तू तिकडे जा, तू हे उचल’ असं सांगण्याचाच होता. ते बोट त्याला सात वर्षांनी मिळालं. ‘रेसिडेंट ईव्हल ४’ २००७ मध्ये वीवर आला तेव्हा नेम धरण्याच्या बाबतीत हेच झालं. बोट दाखवण्याचं हे तंत्र फार साधं आहे. टीव्हीवर ठेवायच्या ज्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात ती काहीच ओळखत नाही. तिच्या दोन टोकांना अवरक्त प्रकाश देणारे दिवे असतात, आणि ते पाहणारा कॅमेरा रिमोटच्या नाकात असतो. पट्टी बिघडली तर तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावूनही काम भागतं.

हाताची निवड किती खोल जाते याचं सर्वांत विलक्षण उदाहरण म्हणजे २००६ चा ‘झेल्डा : ट्वायलाइट प्रिन्सेस’. तो जुन्या गेमक्यूब यंत्रासाठी तयार होत होता आणि ऐन वेळी वीवरही काढायचं ठरलं. त्याचा नायक लिंक डावखुरा. वीवर तलवार फिरवायची ती रिमोट धरलेल्या हातानं, आणि बहुतेकांचा तो हात उजवा. तेव्हा लिंकला उजवा करण्यासाठी सबंध जगच आरशात धरल्यासारखं उलटं केलं गेलं. पश्चिमेचं वाळवंट पूर्वेला गेलं. पुढे २०१६ मध्ये सुधारून काढलेल्या आवृत्तीत दिशा पूर्ववत झाल्या आणि लिंकही पुन्हा डावखुरा झाला. ज्यानं हा गेम वीवर मनापासून खेळला त्याच्या मनातला नकाशा मात्र तसाच उलटा राहणार.

याला आपल्याकडचा धागाही आहे. जॉर्डन मेकनरनं १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं, आणि त्या चित्रचौकटींवरून रेखाटत १९८९ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ केला. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी कॉम्प्युटर क्लासला फी भरली आणि शिकली ती त्या राजपुत्राला कड्याच्या टोकाशी थांबवायला. थांबताना तो एक पाऊल घसरतो. ते घसरणं एका खऱ्या मुलाच्या पायातलं आहे, म्हणून तो गेम अजून विसरला जात नाही. याच मालिकेतला २००३ चा ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्यानं घडवायचं काम युबिसॉफ्ट कंपनीनं आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिलं. २०२० च्या सप्टेंबरात घोषणा झाली, तारखा पुढे गेल्या, आणि २०२२ मध्ये काम मूळ गेम जिथे घडला त्या माँट्रियलकडे गेलं. मराठी मुलखात घडणारं असं काम पुरं व्हावं असं मला फार वाटत होतं. जुन्या अंगातली चाल नव्या अंगात उतरवणं रंगरंगोटीपेक्षा किती अवघड असतं, हे बोहाड्यात पहिल्यांदा सोंग घेणाऱ्या मुलाचे गुडघे पाहिले की कळतं.

मग विकत घेताना कसोटी कोणती लावायची? मला ती एका जुन्या बंदुकीत सापडते. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्याबरोबर प्लास्टिकची बंदूक यायची आणि ‘डक हंट’ची कॅसेट. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड पाहून नेम लागला की नाही ते ठरवी. ही सारी गणितं जुन्या काचेच्या, फुगीर टीव्हीच्या वेळेवर बसवलेली. सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, त्यामुळे ती बंदूक त्याच्यासमोर आंधळी. २०१४ मध्ये हा गेम वीनंतरच्या ‘वी यू’ यंत्रावर पुन्हा निघाला तेव्हा नेम रिमोटनं धरायचा होता. आतलं सगळं तंत्र बदललं, पण हात उचलून, एक डोळा मिटून बदकावर रोखायची कृती तीच राहिली. जंगल बीटमध्ये गेम राहिला आणि हात गेला. इथे यंत्र गेलं आणि हात राहिला. पुन्हा काढलेल्या गेममध्ये मी हेच पाहतो: ज्या कृतीसाठी हा गेम रचला होता ती टिकली का, आणि टिकली नसेल तर तिच्या जागी आलेली कृती गेमच्या पोटात आधीपासून होती का, पिकमिनच्या बोटासारखी?

नाशिकला नोकरी करणारा माझा भाचा जुनं वी यंत्र घ्यायच्या विचारात आहे. ‘मामा, यातलं काय घेऊ?’ असं त्यानं विचारलं, तेव्हा मी त्याला सुरुवातीचं मॉडेल शोधायला सांगितलं. त्याच्या झाकणाखाली गेमक्यूबच्या कंट्रोलरसाठी चार खाचा आहेत आणि त्यात जुन्या डिस्कही चालतात. पुढच्या मॉडेलांतून ही सोय काढून टाकली गेली. पिकमिन नवा घे, टेनिस जुना घे, आणि जंगल बीट बोंगोंसकट मिळाला तरच घे, असं मी म्हटलं. जुनं शोधण्यात कष्ट आहेत हे खरं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये अभ्यास केला. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत, असं त्यातून दिसलं. वीचं ऑनलाइन दुकान २०१९ च्या जानेवारीत बंद झालं, वी यूचं २०२३ च्या मार्चमध्ये. अशा स्थितीत नव्यानं निघालेली आवृत्ती हीच पुष्कळांना मिळणारी एकमेव प्रत असते, म्हणून ती काढणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे. मुखवटा जपणाऱ्या घरावर असते तितकीच.

ही जबाबदारी चांगली निभावलेलं एक काम सांगतो. ‘झेल्डा : स्कायवर्ड स्वोर्ड’ हा २०११ चा गेम मुळातच हालचालीवर रचलेला. शत्रू शस्त्र डावीकडे धरतो, तेव्हा तलवार उजवीकडून फिरवायची. वर धरलं तर खालून. मोशनप्लसमुळे मनगट खरोखर वाचलं जाई. पण मनगट वळत नाही, खांदा उचलत नाही, हाताला कंप आहे, अशा माणसाला त्या गेमचं दारच बंद होतं. २०२१ च्या जुलैमध्ये तो निन्टेंडोच्या ‘स्विच’ या यंत्रावर आला तेव्हा हालचाल ठेवलीच आणि शिवाय उजव्या स्टिकवर तलवारीच्या दिशा दिल्या. डावीकडून उजवीकडे स्टिक ढकलली की वार तसाच. शत्रूचा बचाव वाचण्याचं कोडं शाबूत राहिलं, फक्त ते अंगठ्याच्या आवाक्यात आलं. लोकधर्मीतून नाट्यधर्मीत केलेला इतका जाणता बदल मी दुसरा पाहिलेला नाही. त्याची किंमत साठ डॉलर, मूळ गेमपेक्षा दहानं जास्त, आणि त्यावरून बरीच तक्रार झाली. मला ती जास्त वाटत नाही. जवळजवळ दहा वर्षं ज्यांना हाताच्या कारणानं या गेमबाहेर राहावं लागलं, त्यांच्यासाठी तो त्या दिवशी पहिल्यांदाच निघाला होता.